काळी मेंढरं किती उरली? सीमाभागातल्या एका मोजणीची हकीकत

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेप्रमाणे देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या आणि जवळपास १४ कोटी ८९ लाख शेळ्या आहेत. कर्नाटकात मेंढ्या एक कोटी दहा लाखांहून जास्त, शेजारच्या महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. हे आकडे कुणालाही मिळतात. पण अथणी, कागवाड, रायबाग, चिक्कोडी, निपाणी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात काळी दख्खनी मेंढरं किती आहेत, त्यातली किती खरोखर दख्खनी आणि किती माडग्याळ या दुसऱ्या जातीशी मिसळलेली, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आमच्या छोट्या गटानं याचा अंदाज काढायचं ठरवलं. गटात एक पशुवैद्य, कन्नड आणि मराठी सारख्याच सहजतेनं बोलणारे दोन तरुण (त्यातला एक वाड्यावरच, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळावर, वाढलेला) आणि मी. मी संख्याशास्त्र शिकवते. नमुना ठरवायचा आणि शेवटी हिशेब मांडायचा, हे माझ्याकडे आलं.

सरकारकडे जातवार आकडे नाहीतच असं नव्हे. २०१२ च्या गणनेनंतर २०१३ मध्ये जातींसाठी वेगळी नमुना पाहणी झाली होती. विसाव्या गणनेचा जातवार अहवाल २०२२ मध्ये आला. त्यात देशी मेंढ्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा नेल्लोरचा, सुमारे २० टक्के, आणि शेळ्यांमध्ये काळ्या बंगालचा. अडचण दुसरीकडे आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं नोंदवलेल्या जातींच्या यादीतलं नाव ज्या जनावराला लागत नाही, ते ‘अवर्णित’ या रकान्यात जाऊन बसतं. २०१९ मध्ये त्या यादीत माडग्याळ नव्हती. म्हणजे ज्या मेंढ्यावर सांगली जिल्ह्यातल्या जतच्या बाजूला लाखांत बोली लागते, त्याला कागदावर जात नव्हती. सीमाभागातली निम्मी गोष्टच त्या रकान्यात हरवत होती.

आमचा पहिला वाद झाला तो जनावर ओळखायचं कसं यावरून. पुस्तकातलं वर्णन सोपं असतं. दख्खनी म्हणजे काळी, कधी कपाळावर किंवा तोंडावर पांढरा पट्टा, अंगावर जाडीभरडी लोकर, लोंबते कान. तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे चार प्रकार सांगितले जातात. माडग्याळ ही जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावानं ओळखली जाणारी. उंच, लांब मानेची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके-चट्टे, लोकर नावालाच आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. पूर्वेकडच्या कडेला रायचूर-कोप्पळ भागातली केंगुरीही एखाद्या कळपात दिसते. नारळाच्या शेंडीच्या रंगाची आणि बिनलोकरीची.

प्रत्यक्ष वाड्यावर उभं राहिलं की मात्र काळ्या रंगाची, पण नाकाला बाक आलेली, पोटाखाली लोकर विरळ झालेली मेंढी समोर येते. डॉक्टर टेप घेऊन खांद्यापर्यंतची उंची, अंगाची लांबी, छातीचा घेर आणि कानाची लांबी मोजत. दात बघून वय लिहायचं: अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेली. एवढं करूनही मधल्या मेंढ्यांचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. वाड्यावर वाढलेल्या आमच्या पोरानं पाहणीच्या अर्जात एक रकाना सुचवला: आई कुठली, बाप कुठला. तेलसंगच्या बाजूला एका म्हाताऱ्या मामांना मी तो प्रश्न विचारला तेव्हा ते काठी टेकून बसले. म्हणाले, “आईबापाचं इचारतीस व्हय पोरी? मग सांगतो की. रंगाचं इचारलं असतंस तर मीबी फसलो असतो.” आणि त्यांनी कळपातल्या एकेका मेंढीची आई सांगितली, काहींची आजीसुद्धा. कुठल्या दुष्काळात कुठली विकली, कुठली ठेवली आणि ठेवलेलीच्या पोटी पुढं काय आलं, सगळं. माझ्या मते हा त्या अर्जातला सर्वांत मोलाचा रकाना होता. मोजपट्टीनं जनावर आज कसं आहे ते कळतं. जात टिकतेय की विरतेय हे पिढ्यांवरून कळतं, आणि पिढ्यांची नोंद राखणाऱ्याच्या डोक्यात असते.

मग आम्ही तीन खाने केले: दोन्ही बाजूंनी दख्खनी, दोन्ही बाजूंनी माडग्याळ आणि मिश्र. मिश्रमध्ये बाप कोण हे वेगळं लिहायचं. एखाद-दुसऱ्या कळपात जुळी देणाऱ्या मेंढ्या भेटल्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यामुळे अशा मेंढीच्या बापाची चौकशी जरा खोलात करायची असं ठरलं.

आता नमुन्याकडे येते. शेळ्या घराघरांत विखुरलेल्या असतात. दोन इथं, चार तिथं. गावांचा नीट नमुना काढला आणि त्या गावांतली काही घरं पाहिली की शेळ्यांचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. मेंढ्यांचं तसं नाही. सलग कितीतरी गावांत एकही मेंढी नसते आणि मग एका धनगरवस्तीत हजारांनी असतात. अशा ठिकाणी गावं चिठ्ठ्या टाकून निवडली तर सगळा अंदाज त्या एका वस्तीवर लटकतो: ती नमुन्यात आली तर आकडा फुगतो, सुटली तर कोसळतो. म्हणून मेंढ्यांसाठी गाव हे एकक सोडून दिलं आणि कळप हे एकक धरलं. आधी कळपवाल्यांची यादी, मोठे कळप सगळेच घ्यायचे, लहान कळपांतून मात्र नमुना.

पट्ट्याचे तीन भाग पाडले. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, लोंढ्याकडचा मुसळधार पावसाचा भात आणि जंगलाचा भाग. मध्ये वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेच्या पाण्यावरचा उसाचा भाग; निपाणी, चिक्कोडी, रायबाग यातच. आणि पूर्वेला अथणी, अनंतपूर, तेलसंगचा कमी पावसाचा माळ. कागदावर हे तीन भाग स्थिर दिसतात. मेंढरं स्थिर नसतात, हा खरा पेच.

दिवाळीनंतर बेळगाव-खानापूरची भातं निघतात आणि पूर्वेचे वाडे पश्चिमेला सरकू लागतात. शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रीची लेंडी आणि मूत रानात पडतं, त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. पाऊस सुरू व्हायच्या आत हे वाडे माघारी माळावर जातात, कारण चिखलात मेंढीचे खूर कुजतात. याचा परिणाम असा की हिवाळ्यात अथणीच्या वस्तीवर म्हातारी माणसं आणि थोडी आजारी जनावरं भेटतात, आणि ज्या खानापुरात श्रावणात मेंढी दिसत नाही तिथं रानोरान वाघरी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळ्या, लागलेल्या असतात. त्यात जत, कवठेमहांकाळ, हातकणंगल्याकडचे वाडेही मिसळलेले. मेंढीला राज्याची हद्द कळत नाही, आणि आम्हाला तर हद्दीच्या अलीकडचा, कर्नाटकातल्या बाजूचा आकडा काढायचा होता.

यावर बराच विचार झाला. शेवटी नियम ठरला: कळप कुठंही भेटो, ज्या गावात तो पावसाळा काढतो ते त्याचं गाव. दिवस किती कुठं जातात हे पाहिलं तर मालकाचा गोंधळ उडतो, पण पावसाळा कुठं काढता हे विचारलं की एका शब्दात उत्तर येतं. जत तालुक्यात पावसाळा काढणारा कळप आमच्या आकड्यात धरला नाही, पण त्याची जात आणि त्यातले मेंढे लिहून घेतले. ते का, ते पुढं येईल.

२५ ऑक्टोबर २०२४ ला एकविसावी पशुगणना सुरू झाली आणि तिच्यात भटक्या पशुपालकांची जनावरं पहिल्यांदाच वेगळी नोंदवायची ठरली, २१९ देशी जातींसह. मला याचा मनापासून आनंद झाला. १९१९ पासून देशात पशुगणना होते आहे. चालत्या वाड्याला तिच्यात स्वतःची जागा मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

चालते कळप सगळे सापडणार नाहीत हे उघड होतं. म्हणून दोन याद्यांची रीत वापरली. पहिली यादी भाताच्या रानांत, दुसरी माघारी गेल्यावर वस्त्यांवर, पहिल्या यादीकडे न बघता. मग दोन्ही ताडून पाहायच्या. समजा पहिल्या यादीत ६० कळप आहेत, दुसऱ्या यादीत ५०, आणि दोन्हींत सापडलेले ३०. म्हणजे दुसऱ्या यादीतल्या ५० पैकी ३० पहिलीनं पकडले होते, पाचात तीन. तर पहिल्या यादीतले ६० हे एकूण कळपांच्या पाचात तीन असणार, एकूण १००. दोन्हींत मिळून प्रत्यक्ष भेटले ८०, आणि २० कुणालाच भेटले नाहीत. न भेटलेल्यांचा आकडा असा हाती येतो याचं वर्गात शिकवताना मुलांना नवल वाटतं. रानात ते करताना मला स्वतःला वाटलं.

या रीतीला एक पथ्य आहे: तोच कळप दोन्ही याद्यांत ओळखता आला पाहिजे. एका आडनावाची दहा माणसं एका वाड्यात असतात, नावं सारखी असतात, जनावरं अधूनमधून एकमेकांच्या कळपांत दिलेली असतात. आम्हाला उपयोगी पडल्या त्या कानाच्या खुणा. प्रत्येक घराची कान कातरायची तऱ्हा ठरलेली. डाव्या कानाला खाच, उजव्याचं टोक कापलेलं, वर पाठीवर रंगाचा पट्टा. बारा आकडी पिवळे बिल्ले काही जनावरांच्या कानात होते, पण सगळ्यांच्या नव्हते. आणि दुसरं पथ्य: सडकेजवळचा कळप दोन्ही वेळा सापडतो, आडरानातला दोन्ही वेळा सुटतो. तसं झालं की अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून या रीतीनं आलेला आकडा आम्ही ‘निदान इतके’ असाच लिहिला.

कळप भेटला तरी त्यातलं डोकं मोजणं वेगळंच. मालकाला किती मेंढरं असं सरळ विचारलं की वाडा गप्प होतो. एका मावशींनी चुलीवरून मान वर न करता सांगितलं, “मोजू नगंस बाळ. नजर लागती.” यामागं नुसती समजूत नाही. मोठा आकडा बाहेर गेला की चोरी, वर्गणी, चराईचा त्रास, सगळं वाड्याच्याच अंगावर येतं. त्यामुळे आकड्याचा आग्रह आम्ही कधी धरला नाही. उलट वाटेनं गेलो. यंदा व्यालेल्या किती, गाभण किती, कोकरं किती, दिवाळीच्या आधी विकली किती, पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या साथरोगाची लस दिली तेव्हा बाटल्या किती लागल्या. या उत्तरांची बेरीज-वजाबाकी एकमेकांशी जुळली पाहिजे. जिथं जुळली नाही तिथं आमच्या पोरानं दुसऱ्या दिवशी पहाटे, वाघर उघडून मेंढरं एका फटीतून बाहेर पडत असताना, काही न बोलता मनात मोजली, आणि मालकाच्या संमतीनंच. बहुतेक वेळा मालक लांबून हसत असायचा.

कोकरांमुळेही फसगत होते. व्यायच्या हंगामात गेलं तर कळप दीडपट दिसतो, विक्रीनंतर गेलं तर आटलेला. म्हणून जातीचा आकडा सांगताना एकूण डोकी न सांगता व्यायच्या वयाच्या मेंढ्या हाच पाया धरला. कोकरं आणि कापायला ठेवलेले नर वेगळे.

आणि मग मेंढे. मला सगळ्यांत जास्त जे सांगायचं आहे ते इथं आहे.

जातीचं बळ नुसत्या संख्येत नसतं. किती माद्या आणि किती नर पुढची पिढी घडवतात, यावरून एक परिणामकारक संख्या काढतात: नर आणि मादी यांचा गुणाकार, त्याची चौपट, भागिले दोघांची बेरीज. हजार मेंढ्या आणि २५ मेंढे असतील तर उत्तर येतं सुमारे ९८. मेंढ्या हजारच, पण मेंढे दहा, तर सुमारे ४०. म्हणजे रानात हजार काळी मेंढरं चरताना दिसतात आणि वंशाच्या हिशेबानं ती चाळिसांच्या बरोबरीची असतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या वर्गवारीतही प्रजननक्षम नर पाच किंवा त्याहून कमी असले तर जात अतिधोक्यात आणि वीसपर्यंत असले तर धोक्यात धरतात, माद्या कितीही असोत. ही मापं सबंध जातीसाठी आहेत, एका तालुक्यासाठी नव्हेत. दख्खनी जात महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणात पसरलेली आहे, तिच्यावर ती वेळ आलेली नाही. पण आपल्या पट्ट्यात काय चाललंय ते याच नजरेनं बघावं लागतं.

आम्ही जे पाहिलं ते असं. काळी मेंढी सगळ्या पट्टाभर आहे. उसाच्या भागातल्या वाड्यांवर काळ्या मेंढ्यांत सोडलेला मेंढा मात्र बऱ्याचदा माडग्याळचा निघाला, जतकडच्या बाजारातून आणलेला. त्या कळपातल्या मेंढ्या आज मोजल्या तर दख्खनी म्हणूनच भरतात. त्यांच्या पोटी जी येतील ती नाही. दोन-तीन पिढ्या गेल्या की तो सगळा कळप मिश्रच्या खान्यात जाईल, आणि कुठल्याही एका वर्षाच्या गणनेत हे दिसणार नाही. म्हणून परराज्यातल्या कळपांतलेही मेंढे आम्ही लिहून घेतले. नर कुठून येतो यावर इथल्या मेंढीचं पुढचं ठरतं.

धनगराला यात दोष द्यायचं मला काही कारण दिसत नाही. कातरणीला माणूस लावला तर त्याची मजुरी लोकरीतून सुटत नाही. घोंगडी विणणारे सणगर कमी झाले, लोकर घेणारा व्यापारी वाड्यावर येईनासा झाला. माडग्याळचं कोकरू अंगानं भरतं, दर चांगला मिळतो. पण त्याच माणसांना काळी मेंढी का ठेवली असं विचारलं की उत्तरं तयार असतात: लांब चालते, हलक्या चाऱ्यावर राहते, उघड्या रानात थंडीच्या रात्री काकडत नाही. रायबागकडच्या एका वाड्यावर मालकानं माडग्याळचा मेंढा आणूनसुद्धा पाच-सहा काळ्या मेंढ्या त्याच्यापासून बाजूला राखल्या होत्या. बीज म्हणून. त्यांना द्यायला काळा मेंढा शोधत तो माणूस दोन हंगाम फिरत होता.

शेळ्यांबद्दल थोडक्यात. पूर्वेकडे उस्मानाबादीच्या वळणाची काळी शेरडं भेटतात, सिंधुदुर्गाकडच्या कोकण कन्याळचा तोंडावरचा पांढरा पट्टा खानापूरच्या पश्चिम टोकाला क्वचित दिसतो, आणि बाकी बहुतेक शेळ्या कुठल्याच नोंदवलेल्या जातीत बसत नाहीत. त्यांना ओढूनताणून नाव देण्यापेक्षा ‘स्थानिक’ असं लिहिलं आणि वर्णन जोडलं. बायकांनी पाळलेल्या या शेळ्यांचा नीट अभ्यास स्वतंत्रपणे व्हायला हवा. मेंढ्यांच्या पाहणीच्या शेपटाला बांधून तो व्हायचा नाही.

हिशेब मांडताना प्रत्येक जातीसाठी एकच आकडा न देता पल्ला दिला: निदान इतक्या, फार तर इतक्या. मिश्रचा पल्ला सगळ्यांत रुंद आला, आणि तो तसाच छापावा यावर मी ठाम होते. एकच आकडा दिला की लोक तोच धरून बसतात आणि त्यामागची शंका गळून पडते. कुणाच्या कळपात किती, हे मात्र कुठल्याच कागदावर ठेवलं नाही.

निष्कर्ष सांगायला आम्ही पुन्हा वाड्यांवर गेलो. पल्ले, टक्के हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं ते वेगळंच: आमच्या कळपाच्या नात्यातला नसलेला काळा मेंढा कुणाकडं आहे? आमच्या अर्जांत त्याचं उत्तर होतं. ज्यांनी नाव सांगायला होकार दिला त्यांच्या मेंढ्यांची यादी केली; वय, शिंगं, आईचं वर्णन, पावसाळ्याचं गाव. रायबागच्या त्या मालकाला अथणीकडचा चारदाती मेंढा एका हंगामापुरता मिळाला, बदल्यात त्यानं दोन कोकरं द्यायचं कबूल केलं.

पुढची फेरी आषाढात, वाडे घरी असताना करायची आहे, आणि जतकडच्या ओळखीच्या मंडळींनी त्यांच्या बाजूनं तेच अर्ज त्याच आठवड्यात भरायचं मान्य केलंय. अर्जात आता दोन रकाने वाढलेत. मेंढा कुठून आणला, आणि तो दुसऱ्या वाड्याला द्यायची तयारी आहे का.